मॉडेल विमानाच्या किटमध्ये ग्लो इंजिन बसवताना: फायरवॉल चिकटवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: वरच्या बाजूला पंख असलेले, बाल्सा लाकडाचे प्रशिक्षण विमान आपण किटमधून बांधत आहात, आराखड्यावर 40 ते 46 आकाराचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारे, ठिणगीऐवजी तप्त तारेच्या प्लगने पेटणारे) सांगितले आहे आणि आपल्याजवळ 46 आकाराचे नवे इंजिन आहे. धडाच्या दोन्ही बाजू जोडून झाल्या आहेत, फायरवॉल, म्हणजे इंजिन ज्यावर बसते ती नाकातील प्लायवूडची भिंत, मात्र अजून चिकटवलेली नाही. आपल्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: याऐवजी 60 आकाराचे इंजिन घेऊन शक्ती हाताशी राखावी का, आराखड्यात किंचित तिरकी दाखवलेली फायरवॉल तशीच बसवावी की सरळ, आणि इंजिन उलटे टांगून त्याचा सिलिंडर काउलिंगमध्ये, म्हणजे नाकावरच्या आवरणात, झाकता येईल का.

उत्तर थोडक्यात द्यायचे तर 46 आकाराचेच इंजिन वापरावे, फायरवॉल तिरकीच बसवावी आणि या विमानात इंजिन उलटे बसवू नये. मात्र या तीन उत्तरांमागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. इंजिनाचा अक्ष कोणत्या दिशेला रोखलेला आहे, टाकीतील इंधन कार्ब्युरेटरच्या तुलनेत किती उंचीवर आहे आणि विमानाचा तोल कोठे साधतो, या तिन्ही गोष्टी प्लायवूडच्या एकाच तुकड्यावर ठरतात आणि त्यांपैकी एक हलवली की उरलेल्या दोन हलतात. फायरवॉल सुटी असताना हे निर्णय कागदावर आणि कोरड्या जुळणीत घेता येतात. ती चिकटल्यानंतर तेच निर्णय कानस आणि करवत घेऊन घ्यावे लागतात. म्हणून आज इपॉक्सी बाजूला ठेवावी.

प्रथम आकाराविषयी. ग्लो इंजिनाचा हा आकडा घन इंचाच्या शंभराव्या भागात असतो. म्हणजे 40 आकाराचे इंजिन सुमारे 6.5 सीसीचे, 46 आकाराचे 7.5 सीसीचे आणि 60 आकाराचे जवळजवळ 10 सीसीचे. 40 आणि 46 या आकारांची बरीच इंजिने साधारण सारख्याच बाह्यमापाच्या क्रँककेसवर बांधलेली असतात, त्यामुळे ती बहुधा एकाच माउंटवर, म्हणजे फायरवॉलवर इंजिन धरणाऱ्या बैठकीवर, बसतात आणि त्यांच्या वजनातील फरकही किरकोळ असतो. 60 आकाराचे इंजिन मात्र लांबीला, रुंदीला आणि वजनाला वेगळ्याच वर्गातले आहे. समजा, ते मफलरसह 200 ग्रॅमने जड निघाले आणि इंजिनाचे वस्तुमान गुरुत्वमध्याच्या पुढे 300 मिमीवर आहे. शेपटीचे टोक गुरुत्वमध्यापासून 750 मिमी मागे असेल, तर तोल परत आणण्यासाठी तेथे 80 ग्रॅम शिसे बांधावे लागेल. म्हणजे विमान एकूण 280 ग्रॅमने जड झाले, उतरतानाचा वेग वाढला आणि शिकणाऱ्याच्या हाती आले ते कमी क्षमाशील यंत्र. शिवाय या किटची शेपटी, तिच्या बिजागऱ्या आणि पुशरॉड ज्या वेगासाठी योजलेले आहेत त्यापलीकडे विमान गेले की एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) किंवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) फडफडू लागण्याचा धोका असतो, आणि ही फडफड एकदा सुरू झाली की काही क्षणांत पृष्ठभाग उखडून टाकते. जादा शक्ती वापरलीच नाही म्हणजे झाले, हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. तिचे वजन थ्रॉटल खाली असतानाही विमानावर असतेच. फोर-स्ट्रोक इंजिनाचा विचार मनात असेल तर 52 ते 56 आकाराचे इंजिन या किटला चालते, परंतु पहिल्या विमानासाठी टू-स्ट्रोक अधिक सोपे आणि सोशिक आहे.

आता तिरक्या फायरवॉलकडे वळू, कारण तिच्याविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत. नेहमीचा प्रॉपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्यामागे जाणारा हवेचा झोत सरळ न जाता धडाभोवती पीळ घेत जातो आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळतो. त्यामुळे शेपूट उजवीकडे आणि नाक डावीकडे वळते. इंजिनाच्या प्रतिक्रियेमुळे विमान डावीकडे कलण्याचाही प्रयत्न करते, आणि नाक वर करून चढताना खाली उतरणारे उजवीकडचे पाते हवेला अधिक कोनात भेटत असल्याने तेच अधिक ओढते. या तिन्ही परिणामांचा रोख डावीकडे आहे आणि तिन्ही थ्रॉटलबरोबर कमीजास्त होतात. रडरचे (उभ्या शेपटीच्या हलत्या भागाचे) ट्रिम, म्हणजे त्याला कायम दिलेले किंचित वळण, एका ठरावीक वेगाला उपयोगी पडते, पण थ्रॉटल हलवताच ते खोटे ठरते. इंजिनाचा अक्षच दोन ते तीन अंश उजवीकडे रोखला, तर दुरुस्तीचे प्रमाण इंजिनाच्या जोराबरोबर आपोआप बदलते. खालच्या दिशेच्या कोनाचे कारण वेगळे आहे: खालून सपाट असलेल्या, वर बसवलेल्या पंखाचे विमान वेग वाढताच अधिक उचल निर्माण करून नाक वर घेते, आणि थ्रॉटल उघडताच ते फुगल्यासारखे वर चढू नये म्हणून अक्ष दोन-तीन अंश खाली रोखलेला असतो. किट बनवणाऱ्याने हे कोन उड्डाणे करून ठरवलेले असतात, तेव्हा ते आपल्या नजरेला वाकडे दिसले तरी सरळ करू नयेत.

काही किटमध्ये कोन धडाच्या बाजूंच्या कापणीतच दिलेला असतो, म्हणजे फायरवॉल आपल्या जागी बसली की ती तिरकीच बसते. काहींत फायरवॉल काटकोनात असून माउंटखाली पाचर द्यावी लागते. आपल्या आराखड्यावरून आपले किट पहिल्या प्रकारचे दिसते. त्यामुळे दोन्हीकडे कोन देऊन तो दुप्पट होणार नाही, एवढे आधी पाहावे.

कोनाबरोबर येणारी आणखी एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अक्ष उजवीकडे वळवला की प्रॉपेलरचा मध्यही उजवीकडे सरकतो आणि स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी) नाकाच्या मध्यभागी न येता एका बाजूला डोकावतो. तो मध्यावर आणण्यासाठी माउंटचा मध्य फायरवॉलवर मुद्दाम डावीकडे घ्यावा लागतो. किती, ते साध्या गणिताने कळते: फायरवॉलपासून प्रॉपेलर टेकतो त्या चकतीपर्यंतचे अंतर कोनाच्या टॅन्जंटने गुणावे. हे अंतर 110 मिमी आणि कोन दोन अंश असेल, तर 110 गुणिले 0.035 म्हणजे सुमारे 3.8 मिमी, तीन अंशांसाठी सुमारे 5.8 मिमी. त्याच न्यायाने अक्ष खाली रोखलेला असल्यास माउंट तेवढाच वर घ्यावा. डावे आणि उजवे नेहमी शेपटीकडून नाकाकडे पाहून ठरवावे. समोर उभे राहून खुणा केल्या की दिशा उलटते आणि ती चूक काउलिंग चढवेपर्यंत दिसत नाही. फायरवॉलच्या दोन्ही पृष्ठांवर पेन्सिलीने ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ असे लिहून ठेवणे बालिश वाटले तरी लाभदायक आहे.

कोरड्या जुळणीत कोन मोजण्याची एक भरवशाची रीत सांगतो, कारण लहान कोनमापकावर दोन अंश वाचणे अवघड जाते. फायरवॉल जागेवर टेप लावून धरावी, माउंट आणि इंजिन तात्पुरते अडकवावे आणि 10 इंची, म्हणजे 254 मिमी व्यासाचा प्रॉपेलर आडवा ठेवावा. मग शेपटीच्या टोकाला मध्यरेषेवर टाचणी खोचून तेथून न ताणणारा दोरा पात्याच्या दोन्ही टोकांपर्यंत नेऊन अंतरे पाहावीत. अक्ष उजवीकडे दोन अंश असेल तर उजवे टोक डाव्यापेक्षा सुमारे 9 मिमी मागे असेल; तीन अंशांना हा फरक 13 मिमीच्या आसपास जातो. दोन्ही अंतरे समान आली तर कोन शून्य आहे, आणि डावे टोक मागे असेल तर फायरवॉल उलटी धरली आहे. प्रॉपेलर उभा करून, धड पातळीत ठेवून आणि वरून ओळंबा सोडून खालच्या दिशेचा कोनही असाच तपासता येतो; तेथे खालचे टोक मागे असायला हवे. या मोजणीपूर्वी प्रॉपेलरची दोन्ही पाती मध्यापासून समान लांबीची आहेत का, हे मात्र पाहून घ्यावे.

फायरवॉल या आकाराच्या विमानात 6 मिमी जाडीच्या चांगल्या प्लायवूडची असावी. किटमधील प्लायवूडच्या थरांत पोकळी दिसत असेल किंवा ते हलक्या जातीचे असेल, तर त्याच मापाचा नवा तुकडा कापावा. येथे वाचवलेले दहा ग्रॅम महाग पडतात. चिकटवण्यासाठी 30 मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी घ्यावी. पाच मिनिटांची इपॉक्सी लाकडात मुरायला वेळच देत नाही आणि कोन जुळवताना हातात आळते. आतील कोपऱ्यांत त्रिकोणी छेदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि इपॉक्सी वाळल्यावर धडाच्या बाजूंतून फायरवॉलच्या कडेत 3 मिमी जाडीच्या लाकडी खुंट्या ठोकाव्यात, प्रत्येक बाजूला तीन पुरेत. इंजिन फायरवॉलला केवळ पुढे ओढत नाही. ते तिला मिनिटाला हजारो हादरे देते, आणि खडबडीत उतरताना नाकाच्या चाकाचा धक्काही बहुधा तीच सोसते.

भोके मात्र ती चिकटवण्यापूर्वीच पाडावीत. माउंटच्या चार भोकांच्या खुणा करून आरपार भोके पाडावीत आणि मागच्या बाजूने एम4 मापाचे टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातांचे नट) बसवावेत. टी-नट हातोडीने ठोकण्याऐवजी पुढून वॉशर घातलेला बोल्ट आवळून आत ओढून घेतला की तो सरळ बसतो. त्याच्या कडेला इपॉक्सीचा थेंब द्यावा, पण त्याआधी आट्यांना थोडे पेट्रोलियम जेली लावावे, नाहीतर इपॉक्सी आट्यांत शिरून नट कायमचा निकामी होतो. टाकीच्या दोन नळ्यांसाठी, थ्रॉटलच्या पुशरॉडसाठी आणि नाकाचे चाक वळवणाऱ्या तारेसाठी लागणारी भोकेही याच वेळी पाडावीत. माउंट त्यांच्या आड येत नाही आणि थ्रॉटलची तार मफलरला घासत नाही, हे इंजिन जागेवर धरून बघितल्याशिवाय कळत नाही.

माउंट काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असला तर उत्तम, कारण तो थोडे कंपन शोषतो आणि अपघातात स्वतः तुटून क्रँककेस वाचवतो. त्याच्या दोन भुजांवर इंजिनाचे कान सपाट टेकले पाहिजेत. टेकताना डुलत असतील तर स्क्रू आवळून ते बळेच बसवू नयेत. त्याने क्रँककेस पिळवटते, बेअरिंगवर ताण येतो आणि इंजिन विनाकारण तापते. भुजांचा पृष्ठभाग कानशीने सपाट करावा. इंजिन पुढेमागे कोठे ठेवायचे, हे आराखड्यावरील फायरवॉल ते प्रॉपेलर-चकती या अंतरावरून ठरते. पुढे सांगितल्याप्रमाणे तोल पाहून झाला की त्या जागी इंजिन क्लॅम्पने धरून कानांच्या भोकांतून अणकुचीदार पंचने खुणा कराव्यात, मग इंजिन काढून पिशवीत बांधून दूर ठेवावे आणि केवळ माउंट घेऊन उभ्या ड्रिलवर भोके पाडावीत. एम4 आटे पाडायचे असतील तर भोक 3.3 मिमीचे हवे. माउंटच्या भुजा आरपार बोल्ट जाण्याइतक्या मोकळ्या असतील, तर खाली नायलॉनची कडी असलेले लॉकनट लावणे मला आट्यांपेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. स्क्रू षट्कोनी खाचेचे असावेत. चपट्या खाचेच्या स्क्रूवर पुरेसा जोर देता येत नाही. धातूत धातू बसतो तेथे मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर लावावा, प्लास्टिकच्या भागांवर मात्र तो सांडू देऊ नये, कारण काही प्लास्टिक त्याने तडकते.

इंजिन उलटे का नको, याचे उत्तर टाकीत आहे. अशा ग्लो इंजिनाला इंधन खेचण्यासाठी सहसा पंप नसतो. कार्ब्युरेटरमधील कमी दाब आणि मफलरमधून टाकीत सोडलेला थोडा दाब, एवढ्यावर काम चालते. म्हणून टाकीची आडवी मध्यरेषा नीडल व्हॉल्व्हच्या (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या झडपेच्या) फवारनळीच्या पातळीवर, किंवा फार तर 10 मिमी खाली असावी. टाकी वर असेल तर भरताच इंधन आपोआप इंजिनात उतरते आणि उड्डाणाच्या सुरुवातीला मिश्रण दाट, शेवटी पातळ होत जाते. फार खाली असेल तर नाक वर करताच इंजिन उपाशी राहून बंद पडते. इंजिन उभे असताना फवारनळी क्रँकशाफ्टच्या अक्षाच्या वर असते, उलटे केल्यावर ती तितकीच खाली जाते, म्हणजे टाकीलाही या अंतराच्या दुपटीने खाली उतरवावे लागते. प्रशिक्षण विमानाच्या नाकात तेवढी जागा नसते. तेथे बहुधा नाकाच्या चाकाची मांडणी असते. त्यात भर म्हणजे उलट्या इंजिनात जादा इंधन ग्लो प्लगवर साचते, प्लग विझतो, आणि सिलिंडरमध्ये द्रव भरलेला असताना स्टार्टर लावला तर न दाबल्या जाणाऱ्या द्रवामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सिलिंडर झाकण्याची इच्छा असेल तर मधला मार्ग म्हणजे इंजिन आडवे बसवणे. बहुतेक 46 आकाराच्या इंजिनांचे धुराडे मागून पाहता उजवीकडे असते; सिलिंडर उजवीकडे आडवा केला की धुराडे खाली येते, मफलर धडाखाली जातो आणि तेलही खालीच सांडते. फवारनळी तेव्हा क्रँकशाफ्टच्या उंचीला येते आणि टाकी जुळवणे सोपे जाते. मफलर आणि नाकाच्या चाकाचा दांडा एकमेकांना लागतात का, एवढे आधी मापून पाहावे. तरीही पहिल्या विमानासाठी माझे मत उभ्या इंजिनाच्याच बाजूने आहे: प्लग हाताशी येतो, नीडल दिसतो आणि विमान नाकावर आपटले तर सिलिंडर जमिनीपासून दूर राहतो.

टाकी 46 आकारासाठी 240 ते 300 सीसी क्षमतेची पुरते. तिच्या आतील मऊ नळीच्या टोकाला असलेले वजन, ज्याला क्लंक म्हणतात, ते मागच्या भिंतीपासून 5 ते 10 मिमी अलीकडे राहावे आणि टाकी कशीही फिरवली तरी अडकू नये. हवेची नळी आत वरच्या भिंतीपर्यंत वाकवून नेलेली असावी; तिचे बाहेरील टोक मफलरच्या दाबाच्या निपलला जोडावे. टाकी बसवण्याआधी एक नळी बंद करून दुसरीतून फुंकावे आणि टाकी पाण्यात धरून बुडबुडे पाहावेत. नंतर ती सर्व बाजूंनी फोममध्ये गुंडाळून ठेवावी, कारण धडाला चिकटून कंप पावणाऱ्या टाकीत इंधनाचा फेस होतो आणि कार्ब्युरेटरला हवेचे बुडबुडे मिळू लागतात. ज्याला नवखा माणूस ‘नीडल जमत नाही’ म्हणतो, तो दोष अनेकदा नीडलमध्ये नसून अशा फेसात किंवा नळीच्या सुईएवढ्या भोकात असतो. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळी चालते. पेट्रोल इंजिनात हीच नळी फुगून सैल होते, हे पुढे कधी उपयोगी पडेल.

धड बंद करण्यापूर्वी टाकीचा कप्पा, फायरवॉल आणि लाकडाची प्रत्येक उघडी कड पातळ केलेल्या इपॉक्सीने किंवा पॉलियुरेथेनने रंगवून घ्यावी. भोकांच्या आतील भिंतीही सोडू नयेत. मिथेनॉल आणि तेल उघड्या बाल्सात मुरले की लाकूड मऊ पडते, आवरण सुटते आणि नंतर त्यावर कोणताच गोंद धरत नाही.

थ्रॉटलच्या जोडणीत धातूला धातू घासू देऊ नये. इंजिनाच्या कंपनाने असा सांधा सतत खडखडतो, झिजतो आणि जुन्या पद्धतीच्या रेडिओ संचात विद्युत गोंगाटही निर्माण करतो. म्हणून इंजिनाच्या बाजूला नायलॉनचा क्लेव्हिस (दांड्याच्या टोकाची चिमट्यासारखी जोडणी) वापरावा. थ्रॉटलची काठी पूर्ण वर असताना कार्ब्युरेटरचे तोंड पूर्ण उघडे हवे. काठी खाली आणि ट्रिम वर असताना साधारण एक मिमीची फट राहावी, ज्यावर इंजिन मंद चालते. ट्रिमही खाली आणले की तोंड पूर्ण मिटून इंजिन थांबले पाहिजे. दोन्ही टोकांना सर्व्हो (दांडा हलवणारी छोटी मोटर) गुणगुणत राहिला तर तो अडलेल्या दांड्याला ढकलत आहे आणि बॅटरी रिकामी करीत आहे असे समजावे. हे सर्व्होच्या भुजेवरील भोक बदलून सोडवावे, प्रेषकातील आकडे बदलण्याची पाळी त्यानंतरची. रेडिओचा संपर्क तुटल्यास थ्रॉटल मंद गतीवर जाईल अशी फेलसेफ व्यवस्था याच टप्प्यावर लावावी आणि प्रेषक बंद करून ती खरोखर काम करते का हे पाहावे.

गुरुत्वमध्य टाकी रिकामी ठेवून तपासावा, कारण भरलेली टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असते. तिच्यातील 240 सीसी इंधन 200 ग्रॅमच्या आसपास भरते आणि उड्डाण संपता संपता ते उरत नाही. अशा पंखाच्या विमानात तोल पंखाच्या रुंदीच्या पुढील कडेपासून 25 ते 33 टक्के या पट्ट्यात साधावा. आराखड्यावर नेमकी जागा असेल तर पहिल्या उड्डाणाला तीच पाळावी. थोडा फरक असेल तर रिसीव्हरची बॅटरी पुढेमागे करून भागते, आणि म्हणूनच तिची जागा सर्वांत शेवटी पक्की करावी. तरी भागले नाही तर इंजिन माउंटवर काही मिमी पुढेमागे घेता येते. हे लक्षात घेऊन माउंटच्या भुजांची कायमची भोके मी सर्व सामान विमानात ठेवून तोल पाहिल्यावरच पाडतो. काउलिंग असल्यास स्पिनरची मागील चकती आणि काउलिंग यांत 2 ते 3 मिमी अंतर उरेल अशी मर्यादा त्यावर पडते. काउलिंगला हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट दोन ते तीन पट मोठी हवी, अन्यथा गरम हवा आतच कोंडते.

प्रॉपेलरसाठी 46 आकाराला 11 इंच व्यास आणि 5 किंवा 6 इंच पिच (एका फेऱ्यात प्रॉपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकतो ते अंतर) योग्य ठरतो. 10 गुणिले 6 देखील चालतो, पण प्रशिक्षण विमानाला मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा प्रॉपेलर अधिक मानवतो, कारण तो कमी वेगाला चांगली ओढ देतो आणि उतरताना ब्रेकसारखा उपयोगी पडतो. तो तोलून घ्यावा. जड पात्याच्या मागच्या पृष्ठावर सँडपेपर फिरवून किंवा हलक्या पात्यावर लाखेचा थर देऊन तोल साधता येतो. कडेवर खाच पडलेला प्रॉपेलर दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावा.

नवे इंजिन शक्य असेल तर विमानात न चालवता आधी चाचणीच्या चौकटीवर चालवावे. त्याची बांधणी येथे महत्त्वाची आहे. पितळी बाहीवर क्रोमचा मुलामा आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन असलेल्या, म्हणजे एबीसी पद्धतीच्या इंजिनाची बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो, आणि हा दोष नव्हे. असे इंजिन फार दाट मिश्रणावर थंड चालवत ठेवले तर बाही पुरेशी प्रसरण पावत नाही आणि पिस्टन उगाच झिजतो. म्हणून त्याला थोडा वेळ दाट, मग काही सेकंद वेगात, पुन्हा दाट, असे आलटून पालटून चालवतात. पिस्टनवर कडी असलेल्या इंजिनाला मात्र दाट मिश्रणावर अधिक वेळ द्यावा लागतो. निर्मात्याचे सूचनापत्र या बाबतीत अंतिम मानावे. नीडल प्रथम पूर्ण बंद करून दोन ते अडीच फेरे उघडावा. पुढे विमानावर चालवताना पूर्ण थ्रॉटलला तो हळूहळू बंद करीत सर्वोच्च वेग गाठावा आणि तेथून मिनिटाला 200 ते 400 फेरे कमी होतील इतका परत उघडावा. त्यानंतर साहाय्यकाने विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे. आवाज किंचित चढला तर ठीक, पडू लागला तर मिश्रण अजून पातळ आहे. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या संपर्काने तप्त राहते, म्हणून सुरू झाल्यावर सुमारे दीड व्होल्टचा जोड काढता येतो. 1947 मध्ये रे आर्डन यांचा हा प्लग बाजारात आल्यावर मॉडेल विमानांतून ठिणगीची कॉइल आणि तिची बॅटरी हद्दपार झाली. हा जोड नेहमी प्रॉपेलरच्या मागून हात नेऊन काढावा आणि पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

इंजिन चालू ठेवून रेडिओची पल्ला-चाचणी घ्यावी. रिसीव्हर आणि बॅटरी फोममध्ये असूनही केवळ कंपनामुळे सैल झालेला जोड याच वेळी उघड होतो. पहिल्या काही धावांनंतर माउंटचे, इंजिनाचे आणि मफलरचे सर्व स्क्रू पुन्हा आवळावेत. मफलरचे स्क्रू गरम-थंड होताना हमखास ढिले पडतात.

कोन बरोबर होते की नाही, याचा निकाल हवेत लागतो. अर्ध्या थ्रॉटलला विमान सरळ आणि सपाट उडेल असे ट्रिम करून घ्यावे, मग पुरेशा उंचीवर, वारा समोर घेऊन, रडर आणि एलिव्हेटर न हलवता पूर्ण थ्रॉटल उघडावे. नाक डावीकडे गेले तर उजवीकडील कोन अपुरा आहे. विमान लगेच, झटक्याने नाक वर करू लागले तर खालच्या दिशेचा कोन वाढवायला हवा. वेग वाढल्यानंतर सावकाश चढणे हे निराळे लक्षण आहे आणि ते बहुधा गुरुत्वमध्य व ट्रिम यांच्याशी निगडित असते, तेव्हा त्यासाठी लगेच माउंट खोलू नये. दुरुस्तीसाठी फायरवॉलला हात लावावा लागत नाही. माउंटच्या स्क्रूंमधील अंतर 45 मिमी असेल, तर एका बाजूच्या दोन स्क्रूंखाली 1 मिमी जाडीचे वॉशर घातल्याने अक्ष सुमारे सव्वा अंश फिरतो: उजवीकडे वळवायचा असेल तर डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली, खाली वळवायचा असेल तर वरच्या स्क्रूंखाली. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर काउलिंगमधील अंतर व थ्रॉटलची जोडणी पुन्हा तपासूनच विमान हवेत न्यावे.